कूलरवरची सही

एप्रिल लागला की माझ्या डोक्यात यादी तयार होते. माळ्यावरून कूलर उतरवणे. टाकी घासणे. काळ्या पडलेल्या ताट्या फेकून वाळ्याच्या नव्या बांधणे. पंप बादलीत बुडवून चालतो का ते पाहणे. पत्र्याला रंग देण्यासाठी राजूला बोलावणे. आणि विक्रांतवरचा राग बाहेर काढणे, झटकणे, उन्हात घालणे, पुन्हा घडी करून ठेवणे. लोकरीच्या कपड्यांना कसर लागते तशी रागालाही लागते. वर्षातून एकदा हवा दाखवली की टिकतो.

राजू माझा धाकटा भाऊ. पेंटर. कारंज्याच्या बाजारात छापील फ्लेक्स येण्याआधी निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. पाटी झाली की खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव टाकायचं, ही सगळ्याच पेंटर लोकांची रीत. राजूची सही जरा वेगळी असायची. तो एक वेल काढायचा, पानं, वळणदार तणावे, मध्येच एखादी कळी, आणि त्या वेलीतच अक्षरं गुंफायचा : राजू पेंटर, कारंजा. घाईत असणाऱ्याला नुसती नक्षी दिसायची. थांबून पाहणाऱ्याला नाव. केनवडच्या बाजारातल्या कापड दुकानावर ती वेल आहे, पिठाच्या गिरणीवर आहे, माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या दारावर आहे, आईच्या लोखंडी पेटीवरही आहे. आमच्या कूलरवर तर हवेच्या जाळीखाली हातभर लांब होती.

यंदा त्याने कूलर रंगवला. निळा, एकसारखा, कुठे ओघळ नाही. दरवर्षी तो जुनी वेल सोडून रंग द्यायचा, यंदा तीही त्या निळ्याखाली गेली. मी विचारलं, "सही?"

"कायले पायजे सही? कूलर थंड हवा देते न, बस झालं."

ब्रश रॉकेलात बुडवून तो निघून गेला. चार-पाच वर्षं झाली, तो कशावरच सही करत नाही. आणि चार-पाच वर्षं झाली, मी विक्रांतला माफ करत नाही. या दोन गोष्टींचा संबंध सांगायचा तर त्या उन्हाळ्यापासून सुरुवात करावी लागेल.

परीक्षा संपल्या की माझा क्लास ओस पडायचा. पोट्टे मामाच्या गावी, खुर्च्या एकावर एक, आणि दोन बऱ्यापैकी मशीन नुसत्या झाकलेल्या. क्लास सरकी-ढेपीच्या, म्हणजे गुरांच्या खाद्याच्या दुकानाच्या वर होता. खालून ढेपीचा उग्र-गोड वास, वरून तापलेला स्लॅब, मधे आम्ही. रिकामा वेळ मला सोसत नाही. मी पोरांना प्रोग्रामिंग शिकवत होते, राजूच्या पाट्या फ्लेक्सने खाल्ल्या होत्या. मी म्हटलं, आपण मोबाइलवरचा गेम करू. राजू हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "कायचा?"

शंकरपटाचा, दुसरं काय! आमच्याकडे बैलांची शर्यत म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीची सुट्टी. हलकी छकडी, दोन बैल, एक हाकणारा, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपलेली धाव. कंपनीचं नाव आम्ही 'पट गेम्स' ठेवलं. दारावर राजूने ते रंगवलं, खाली वेल. आमची कंपनी एवढीच : एक बहीण, एक भाऊ, दोन मशीन, एक कूलर.

कूलरवरून भांडणं व्हायची. मशीन तापून बंद पडायच्या, म्हणून त्याचं तोंड मशीनकडे ठेवावं लागे. मग ओल्या हवेने कीबोर्ड चिकट होत. तोंड आमच्याकडे फिरवलं की मशीन गुरगुरत. शेवटी मी नियम केला, दुपारी कूलर मशीनचा, संध्याकाळी माणसांचा. दुपारभर आम्ही मानेवर ओला पंचा टाकून बसायचो. वीज गेली की पंखा, पंप, मशीन सगळं एकदम मुकं व्हायचं आणि वाळ्यातून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा राहायचा. त्या शांततेत राजू कागदावर काढत बसायचा. त्याला वीज लागत नव्हती.

बैल त्याने मनाने काढले नाहीत. धनजला आमच्या मामांकडे एक जोडी होती, सरदार आणि फकिरा. सरदार डावीकडे जुंपायचा, फकिरा उजवीकडे. राजू गोठ्यासमोर बाज टाकून आठवडाभर बसला. मामा वैतागले.

"काबे, लग्नाची पोरगी पायतं का? किती येळ पायशीन?"

"मामा, सरदार तापट हाय हे चित्रात कसं दाखवू?"

"त्याचे कान पाय. मागं पडले का समज आता सुटला. फकिराचे कान पाय, कसे आरामात लोंबून राह्यले. बाप्पा, एवढंबी नाई कळत अन् म्हने चित्र काढतो!"

राजूने कान काढले. कानांसाठी त्याने जितके कागद फाडले तितके साऱ्या गेमसाठी फाडले नसतील. सरदारचं मोडकं शिंग, डोळ्यातला पांढरा कोपरा, मागे पडलेले कान. शेजारी फकिरा, संथ. मी प्रोग्राम लिहिला तो त्या कानांवरूनच. डाव्या अंगठ्याला डाव्या बैलाचा दोर, उजव्याला उजव्याचा. डावा बैल उसळणारा, त्याला आवरायचं. उजवा दमाचा, त्याला चेतवायचं. ज्याने गुरं पाहिली आहेत त्याला शिकवायची गरज पडत नसे. तो पडद्यावरचे कान बघायचा आणि अंगठे आपोआप चालायचे.

गेममध्ये छकडी आपल्याला पाठीमागून दिसते. मागच्या फळीवर राजूने वेल काढली.

त्या खोलीतच विक्रांत आला. आमच्या नात्यातला, पुण्यात वाढलेला, सुट्टीत कारंज्याला काकांकडे यायचा. पांढरे बूट घालून ढेपीच्या दुकानाचा जिना चढायचा आणि नाकाला रुमाल लावायचा. पण गेम खेळून तो थक्क झाला, हे मी नाकारत नाही. म्हणाला, "ताई, हे फार मोठं होईल. फक्त गेमच्या सुरुवातीला राजूचं नाव नको. असं पेंटरचं नाव कोणी टाकत नाही."

राजू म्हणाला, "नको तर नको."

फळीवरच्या वेलीकडे विक्रांतने पाहिलंही नाही. त्याला नक्षी दिसली. तो घाईतला माणूस.

पुण्याच्या लोकांना दाखवायला म्हणून त्याने सगळं मागितलं. मी दिलं. चित्रं वेगळी, आवाज वेगळे, प्रोग्राम वेगळा, प्रत्येक फोल्डरला नाव, कुठे काय आहे त्याचं एक पान वरती. इतकी नीट लावून दिलेली चोरी क्वचितच कुणाच्या वाट्याला येत असेल. त्याने निदान त्याबद्दल तरी आभार मानायचे.

पुढच्या उन्हाळ्यात, असंच कूलर उतरवताना, शेजारच्या मुलाने फोन समोर धरला. जाहिरात होती. इंग्रजी नाव, चकाकणारी अक्षरं, आणि पळणारे आमचे बैल. फरक एकच. सगळं चित्र आरशात पाहावं तसं उलट केलेलं. सरदार उजवीकडे, फकिरा डावीकडे, हाकणाऱ्याचा चाबूक डाव्या हातात.

मी फोन लावला. तो शांत होता.

"ताई, तुमचा बैल डावीकडे, आमचा उजवीकडे. चित्र वेगळं आहे. वकिलालाही विचारलंय."

"कारंज्यात सगळ्यांच्या फोनमध्ये आमचा गेम आहे, विक्रांत. लोक बघतील."

"कारंज्यातलं कोण बघतंय?" तो म्हणाला.

हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. वाळ्याच्या ताटीला पाणी लागलं की पहिला वास येतो आणि त्या वासाबरोबर हे वाक्य येतं. दर वर्षी, न चुकता.

तरीही चोरी मी कदाचित गिळली असती. लोक गिळतात. पण त्याच उन्हाळ्यात एका लग्नात तो आला. पंगतीत कुणीतरी म्हणालं, अरे, असाच गेम आपल्या राजूचा होता की! विक्रांतने वरणाची वाटी पुढे करत सांगितलं, "त्यानं आमचंच पाहून उलटं काढलं असेल. आर्टिस्ट लोकांचं चालतं असं."

राजू शेजारच्या पंगतीत वाढत होता. त्याच्या हातात मठ्ठ्याची बादली होती. त्याने बादली खाली ठेवली नाही. पंगत संपेपर्यंत वाढत राहिला.

लोकांनी विश्वास ठेवला. जाहिरात असलेल्यावर लोक ठेवतात. आमचा गेम फुकट, या फोनवरून त्या फोनवर गेलेला, त्याचा पुण्याचा. बाजारात राजूला टोमणे सुरू झाले. "काय राजूभाऊ, हे गणपतीबी पुण्यावरून उतरवले काय?" "भाऊ, आमची पाटी वरिजनल पायजे बरं, उलटी नको." हसून म्हणायचे, आणि म्हणूनच उत्तर देता यायचं नाही. एक दिवस त्याने एका दवाखान्याची पाटी पूर्ण केली आणि कोपरा कोरा ठेवला. मग प्रत्येक कोपरा कोरा राहू लागला. पट गेम्सच्या दारावर मी कुलूप घातलं. क्लास घराच्या खालच्या खोलीत आणला. त्या दोन मशीन विकल्या, कूलर ठेवला.

"ताई, सोड न आता," राजू म्हणतो. "कायले घेऊन बसली मनात?"

विहारातही हेच सांगतात. पौर्णिमेला वंदना झाली की मनातला द्वेष सोडावा यावर बोलणं होतं. मी मांडी घालून ऐकते. पटतंही. मग घरी येऊन चपला काढेपर्यंत पटणं संपलेलं असतं. द्वेष सोडायचा तो माझा असता तर सोडला असता. पण हा राजूच्या वाट्याचा आहे. त्याला तो वागवता येत नाही म्हणून मी वागवते. दुसऱ्याचं सामान मी परस्पर कसं टाकून देऊ?

यंदा ताट्या बांधत होते आणि विक्रांतचा फोन आला. एवढ्या वर्षांनी. आवाज तोच, पण मधाळ.

"ताई, कशा आहात? ऊन फार असेल ना तिकडे?"

"आहे. काम सांग."

काम असं होतं. त्याचा गेम एक मोठी कंपनी विकत घ्यायला बसली होती. पण गावाकडचे खेळणारे सारखी एकच तक्रार लिहीत होते : बैल ऐकत नाहीत. शहरातल्या लोकांना काही वाटत नव्हतं, ते कुठलाही अंगठा कुठेही दाबत. बैलगाडी पाहिलेली माणसं मात्र दोन दिवस खेळून गेम काढून टाकत. त्याच्या ऑफिसातल्या हुशार मुलांनी सगळं तपासलं, चूक सापडेना. दुसऱ्या चित्रकाराकडून नवी जोडी काढून घेतली, तर लोक म्हणाले, हे बैल मेलेले वाटतात, जुने आणा; म्हणून जुनेच परत लावले होते. महिन्याच्या आत नवीन आवृत्ती सगळ्या फोनवर जायची होती.

"प्रोग्राम तुम्हीच लिहिलाय. तुम्हालाच कळेल," तो म्हणाला. चोर इतक्या सहज कबूल करतो, फक्त ऐकणारं एकच माणूस असलं पाहिजे.

"बघते," मी म्हटलं.

तोवर तो गेम मी कधी फोनमध्ये घेतला नव्हता. तत्त्व म्हणून. त्या दुपारी घेतला. कूलर सुरू केला, समोर बसले आणि खेळले. पहिल्याच धावेत माझा अंगठा दचकला. पडद्यावर उजवीकडे सरदार, कान मागे पडलेले, आता सुटणार. मी उजवा दोर ओढून धरला आणि डावीकडचा, कान लोंबवून चाललेला शांत फकिरा, अचानक उसळला. छकडी बांधावर.

मी मोठ्याने हसले. घरात एकटीच होते.

त्यांनी चित्र उलटं केलं होतं, प्रोग्राम जसाच्या तसा ठेवला होता. तापटपणा अजून डाव्या दोराला बांधलेला, तापट बैल गेलेला उजवीकडे. कान एक सांगत होते, पाय दुसरंच करत होते. हे कळायला एकदा तरी गोठ्यासमोर बाजेवर बसावं लागतं. पुण्याच्या त्या ऑफिसात सगळं असेल, बाज नसणार.

मग माझी नजर छकडीच्या मागच्या फळीवर गेली. वेल होती. पानं, तणावे, कळी. उलटी झाल्यामुळे खरोखर नुसती नक्षी उरलेली. थांबून पाहिलं तरी नाव वाचता येत नव्हतं. मी फोन घेऊन उठले आणि कपाटाच्या आरशासमोर धरला.

राजू पेंटर, कारंजा.

आरशात ते सरळ उभं होतं. वर्षानुवर्षं ते तिथेच होतं, लाखभर लोकांच्या अंगठ्यांसमोर पळत, फक्त पाठमोरं.

मी पाणी प्यायले. टाकीत दोन बादल्या ओतल्या. घाईने काही करायची माझी पद्धत नाही. या चुकीला दोन उपाय होते. पहिला, प्रोग्राममधल्या दोन ओळींची अदलाबदल करायची, तापट उजवीकडे, शांत डावीकडे. चित्राला बोटसुद्धा लावायची गरज नाही. हा सोपा, सुरक्षित उपाय. दुसरा, सगळी चित्रं परत उलटायची, म्हणजे राजूने दिली होती तशी. दोन्हीने बैल ऐकू लागतात.

मी विक्रांतला फोन केला आणि दुसरा सांगितला.

"चित्रं सगळी एकदा आरशातून काढ. आम्ही दिली तशी कर."

"एवढंच? प्रोग्रामला हात नको लावायला?"

"प्रोग्राम माझा आहे. त्यात चूक नाही."

मी खोटं बोलले नाही. प्रत्येक शब्द खरा होता. तो जरा घुटमळला. "पण ताई, मग ते अगदी तुमच्यासारखंच दिसेल..."

"कारंज्यातलं कोण बघतंय?" मी म्हटलं.

तो हसला. त्याला ते वाक्य आठवलंही नाही. "तुम्ही मनात काही ठेवलं नाहीत, ताई. फार मोठं मन आहे तुमचं."

"टाकी भरायची आहे, ठेवते."

राजूला मी काही सांगितलं नाही. पुढचे दिवस मी ज्या निवांतपणे घालवले तसे बऱ्याच उन्हाळ्यांत घालवले नव्हते. कैऱ्या किसल्या. गच्चीवर साबुदाण्याच्या चकल्या घातल्या. भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसताना, कूलरसमोर बसून वाळ्याचा वास छातीभर घेतला, आणि पहिल्यांदाच त्या वासाबरोबर ते वाक्य आलं नाही. सूड घेणाऱ्याला झोप लागत नाही म्हणतात. मला छान लागली. दुपारचीसुद्धा.

नवीन आवृत्ती आली ती मला आधी कळली नाही, केनवडच्या कापड दुकानदाराला कळली. त्याच्या पोराने खेळताना फळीवरचं नाव वाचलं, मग वर मान करून दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. तीच वेल. तीच कळी. त्याने दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले. संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवरची पोरं एका हातात आमचा जुना गेम आणि दुसऱ्या हातात पुण्याचा नवा धरून बसली होती. दोन पडदे, एकच सरदार. कुणीतरी ते त्या मोठ्या कंपनीलाही पाठवलं. कुणी, ते मी सांगणार नाही. फोटो नीट लावलेले होते, प्रत्येकाखाली ओळ होती, वरती एक पान होतं.

राजू दुसऱ्या दिवशी दुपारी आला. टोमणे मारणाऱ्यांपैकीच एकाने त्याला बाजारात अडवून दाखवलं होतं. आल्या आल्या त्याने माझा फोन घेतला, खाटेच्या कडेवर बसला आणि खेळला. सरदारचे कान मागे पडले, त्याने डावा दोर आवळला, सरदार आवरला. फकिराला चेतवलं. छकडी सरळ रेषेत गेली. फळी समोर नाचत राहिली. खेळता खेळता तो म्हणाला,

"कळी जरा जाडी झाली वं ताई तवा."

"झाली खरी."

"तुनं सांगितलं त्याले?"

"त्यानं विचारलं, म्या सांगितलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी मारामारी करून आले की पाहायचा तसं. मग विचारलं, "बारका ब्रश कुठं ठेवला?"

ब्रश त्याच्या ठरलेल्या जागी होता. माझ्याकडे सगळं ठरलेल्या जागी असतं. त्याने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, काडीने ढवळला आणि कूलरसमोर उकिडवा बसला. ओली हवा त्याच्या केसांतून जात होती. जाळीखालच्या निळ्या पत्र्यावर पहिलं पान उमटलं, मग तणावा.

माझा फोन वाजू लागला. विक्रांत. थांबला. पुन्हा वाजला.

"ताई, फोन वाजून राह्यला."

"वाजू दे," मी म्हटलं. "तू हात हलू देऊ नको."